गुलाब मिस्त्रीचं नाक

पहिले आठ दिवस मी पदरालाच दोष दिला.
मग पंपावरच्या पोराला, तो नोझल काढताना सांडतोच.
मग आर्णीच्या त्या कंपाउंडरला,
ज्यानं ही जुनी मारुती विकताना सांगितलं होतं,
"मॅडम, घरची लेक देऊन राह्यलो, समजा."

वास यायचा आणि जायचा.
टाकी भरली की यायचा,
काटा अर्ध्यावर आला की गप्प,
डाव्या वळणावर, तळ्याच्या पाळीजवळ, हटकून.
मे महिना, शेचाळीस अंश, काचा लावाव्या तर डोकं गरगरे,
उघडाव्या तर तोंड भाजे.
मागे बसणाऱ्या सुलभाबाईंना एकदा उलटीच झाली,
त्या दिवसापासून त्या एसटीनं शाळेत येतात.

दारव्हा रोड. बाभळीखाली गुलाब शेंडेचं गॅरेज.
त्यानं आधी किल्ली काढून घेतली,
बॅटरीची काळी वायर सोडवली,
चारी दारं उघडी टाकली,
आणि पानठेल्याकडं हात करून ओरडला,
"ओ रुपरावभाऊ, बिडी तिकडंच प्या,
नाईतर दोघंबी संगंच जाऊ!"
मग माझ्याकडं वळला. "सांगा, कसा वास येते?"

म्हटलं, तुम्हीच घ्या की.
तो हसला. कपाळावर ग्रीसचा टिळा.
"तीस वर्सं नळी तोंडात धरून पेट्रोल ओढलं, मॅडम.
नाव गुलाब, अन् नाकात काईच नाई.
भाजी करपली हे बायको सांगते तवा समजते.
म्हनून गिऱ्हाइकाचंच नाक वापरतो."

वीस वर्षं मी पोरांना मराठी शिकवते,
आणि ऐन वेळी एक विशेषण सापडेना.
कच्चा का जळका? तो विचारत गेला.
नाकाच्या शेंड्याले लागते का घशाले?
पुढून का मागून?
मी डोळे मिटले.
गोड, म्हटलं. थोडासा गोड.
रॉकेलसारखा नाही, रॉकेल काळं असतं.
हा पांढरा. थंड. मागून.
"हं," तो म्हणाला,
आणि उघडलेलं बोनेट
आत न पाहताच खाली पाडलं.

"कच्चा अन् मागचा. भरल्या टाकीचा. म्हन्जे वरची नळी.
खडू हाये का?"

खडू माझ्या पर्समध्ये असतोच, सुटीतसुद्धा.
त्यानं तो दगडावर कुटला,
मागचा पुठ्ठा काढून टाकीच्या रबरी नळीवर
चिमटीनं पिठी भुरभुरली.
"अंकुश, हलव."
अंकुश सातवीत माझ्याकडं होता,
ऱ्हस्व-दीर्घ त्याला काही केल्या जमलं नाही.
त्यानं गाडी एका अंगानं दाबली, सोडली, दाबली.
आम्ही तिघं वाकून बघत राहिलो.
पांढऱ्यावर हळूच एक करडी रेघ ओली झाली,
केसाएवढी, क्लिपच्या अगदी मागं,
खाली येऊन वळली.
"वेलांटी," अंकुश म्हणाला. मग माझ्याकडं बघून,
"दीर्घ."

अर्धी टाकी कॅनमध्ये उतरवली.
जुनी नळी उन्हानं पापड झालेली, वाकवली तर तुटली.
वीतभर नवी, दोन क्लिपा, मजुरी धरून तीनशे चाळीस.
"आता घ्या वास."
घेतला. काही नाही.
"काई नाई?"
काही नाही.
तोही खाली वाकला, एक लांब श्वास ओढला,
बराच वेळ आत ठेवला.
"मले तर पयलेबी नव्हता," म्हणाला,
आणि हात पुसायला चिंधी शोधू लागला.

पायाखालची चटई चार दिवस उन्हात टाकली तेव्हा कुठे निवली.
तरी पाळीजवळच्या वळणावर मी अजून श्वास धरते.
काल विसरले.
आटलेल्या तळ्यातून काहीतरी आत आलं,
गाळ असेल, म्हशी असतील, कुजका कमळकांदा असेल.
गाडी बाजूला घेतली, काच पूर्ण खाली.
गुलाबरावांना सांगायचं तर कसं, ते जुळवत बसले.
ओला.
जुना.
खालून.